लाकडाला कान

या शहरात माझ्यासारखा बेस गिटार वाजवणारा दुसरा माणूस नाय. हे मी मस्तीत सांगत नाय, शहानिशा करून सांगतो. मुकुंदवाडीपासून पडेगावपर्यंत जेवढ्या गाण्याच्या पार्ट्या जयंतीला, लग्नाला, सत्काराला वाजतात, तेवढ्या सगळ्या मी बघून बसलोय. कुठं कीबोर्डवालाच डाव्या हातानं बेसचं काम उरकतो, कुठं पॅडवाला धमधम करून वेळ मारून नेतो. चार जाड तारांचा खरा बेस गळ्यात घालून उभा राहणारा मी एकटा, अभय हिवराळे, राजेंद्र सरांच्या पार्टीत चार वर्षांपासून. माझ्यामुळं गाण्याला बूड आहे, हे मी विशाखाला लग्नाच्या आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणजे नंतर तक्रार नको. ही सगळी ऐट फेब्रुवारीतल्या एका रविवारी, दुपारी सव्वाबाराला, गारखेड्यातल्या एका मंगल कार्यालयात, साऊंडच्या मिक्सरवर ठेवलेला माझा चष्मा उचलताना संपली.

चष्म्याच्या खाली मिक्सरची सात नंबरची पट्टी होती. प्रत्येक पट्टीखाली कागदी टेपचा तुकडा असतो, त्यावर स्केचपेननं नाव: करुणा, ढोलक, पॅड, कीबोर्ड. सातवर माझं नाव होतं, अक्षर चांगलं होतं. नावाच्या वरती आवाज बंद करायचं बटण असतं, चण्याएवढं. ते आत दाबलेलं होतं, आणि परत वर येऊ नये म्हणून त्याच्यावर काळी चिकटपट्टी मारलेली होती. चिकटपट्टीच्या कडांना धूळ बसून बसून तिची वात झालेली, त्यात एक केस अडकलेला, एक अक्षतांचा तांदूळ अडकलेला, कुणाच्या लग्नातला कोण जाणे. मी नखानं कोपरा उचलला. खालचा पत्रा स्वच्छ करडा होता, जखमेवरची पट्टी काढल्यावर खालची कातडी असते तसा. बाकीचा मिक्सर पिवळा पडला होता. कार्यक्रम संपून वीस मिनिटं झाली होती, आणि त्या कार्यक्रमात मी दोन तास घाम गाळला होता.

मुंजाबा शेजारीच केबली गुंडाळत होता. हा आमचा साऊंडवाला, कन्नडकडचा, घरी शेळ्या-मेंढ्या, खोटं बोलायची सवय नाय. मी त्याला हसतच विचारलं की हे आज चुकून राहिलं का.

"चुकून कसं राहील दादा? टेप लावलाय की."

"कधीपासून?"

"तुम्ही आल्यापासून. मधी एकदा बदलला, उन्हाळ्यात डिंक सुटला व्हता."

मग त्यानं सगळं नीट समजावून सांगितलं, मला वाईट वाटू नये म्हणून. सरांचा डावा हात कीबोर्डवर बेस वाजवतोच. दोन बेस झाले की हॉलमधी गुळगुळ होतं. म्हणून सर म्हणले होते, त्याचा बंद ठेव, त्याच्या पायाशी त्याचा छोटा अँप, स्पीकरचा डबा, आहेच, त्याला त्याचं ऐकू येतंय. बेस गिटार गळ्यात असली की स्टेज भरल्यासारखं दिसतं, फोटोला बरं पडतं. मुंजाबाला माझा चेहरा बघून दया आली असावी, कारण त्यानं एक उदाहरण पण दिलं. त्याचा बाप एखाद्या शेळीच्या घंटीत पाल्याचा बोळा कोंबायचा, लई वाजायची म्हणून. "तिला काय कळतंय दादा. ती मान हालवतीच."

त्या दिवशी स्कूटरवर मी सूतगिरणी चौकात दोन हिरवे सिग्नल सोडले. मागच्यांनी हॉर्न वाजवले ते मला ऐकू आले, पण आता ऐकू येण्यावर माझा भरवसा राहिला नव्हता. चार वर्षं मी माझ्याच पायापुरता वाजत होतो. माझा आवाज माझ्या चपलेपासून निघून माझ्या गुडघ्यापर्यंत यायचा, आणि मला वाटायचं तो शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. माझी माय, मनकर्णाबाई, प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसायची, पदर नीट करून, आणि घरी आल्यावर म्हणायची, लई दणदणीत झालं बाबा, छातीत धडधड झाली. ती धडधड राजेंद्र सरांच्या डाव्या हाताची होती. मी तिला सांगितलं नाय. पण विचारलं, तुला माझं नेमकं काय ऐकू येतं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला गाण्यातलं काय कळतंय. तू डोळं मिटून मान हालवतो तवा मला बरं वाटतं." म्हणजे घंटीचा बोळा सगळ्यांना माहीत होता, शेळी सोडून. मात्र हे सगळं मी गिळलं असतं. एक गोष्ट गिळता येत नव्हती. प्रत्येक कार्यक्रम संपला की राजेंद्र सर घाम पुसत माझ्याजवळ यायचे, खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, आज बेस जरा जास्त झाला बघ, कमी कर. दर वेळी. बंद असलेला आवाज कमी कर म्हणायचे. आणि मी केला. चार वर्षांत मी तारेला इतक्या हळू हात लावायला शिकलो की शेवटी शेवटी मला स्वतःलाच अँपवर वाकावं लागायचं. रात्री छताकडं बघत पडलो की तो खांद्यावरचा हात परत यायचा, ओलसर, अत्तराचा वास असलेला, आणि माझ्या बोटांची टोकं आपोआप मऊ व्हायची, आणि मग मला स्वतःच्या बोटांचा इतका राग यायचा की मी ती उशीखाली दाबून ठेवायचो.

मार्चच्या शेवटच्या रविवारी राजेंद्र सरांच्या पार्टीला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. सत्कार ठरला होता, सकाळी साडेदहाला, सहाशे खुर्च्यांचा हॉल. भाषणं, शाली, सन्मानचिन्ह, मग आमची दहा गाणी, मग जेवण. म्हणून मी पार्टी सोडली नाय. सोडली असती तर त्यांनी फोटोसाठी दुसरं कुणी उभं केलं असतं. मला त्या हॉलमधी त्या सहाशे माणसांना ऐकू यायचं होतं, आणि ऐकू येताना राजेंद्र सरांना बुडवायचं होतं. मला सहा आठवडे मिळाले.

मी वाळूजला एका कंपनीत बेअरिंग तपासतो. दिवसाला चारशे बेअरिंगं. फिरत्या बेअरिंगला एक सेन्सर टेकवायचा, त्याच्यात पायझोचा स्फटिक असतो, आत काय बिघाड असेल ते तो सांगतो: एखादी गोळी चेपलीय, एखादा कण आत राहिलाय, माणसाच्या कानाला कळत नाय ते. दाबलं की वीज देतो, एवढंच त्याला येतं. आणि बेस गिटारला जे पिकअप, म्हणजे आवाज पकडणारे कान, असतात ते लोहचुंबकाचे. चुंबक फक्त लोखंडी तारेचं ऐकतो, बाकी जगाशी त्याला घेणं नाय. आपल्या साहेबासारखा. कीबोर्डमधला बेसचा आवाज याच चुंबकाच्या आवाजाची नक्कल असते, म्हणून दोघं एकत्र आले की कोण कुठला कळत नाय, गुळगुळ होतं, सरांचं ते खरं होतं. पण ब्रिजमधी, म्हणजे जिथं तारा लाकडावर टेकतात तिथं, प्रत्येक तारेखाली पायझो बसवला तर तो तारेचं ऐकतोच, वरून लाकडाचं ऐकतो, बोटाच्या कातडीचं, नखाचं, शर्टच्या बटणाचं. त्याची नक्कल कीबोर्डमधी नसते. आणि गिटारच्या दांडीवरचे पितळी पडदे, म्हणजे सुरांच्या आडव्या पट्ट्या, उपटून टाकले की सूर पायरी-पायरीनं न जाता घसरतो, माणसाच्या आवाजासारखा हुंदका देतो. मोबाइलवर ज्यांना कळतं ते सगळे सांगत होते की नुसता पायझो ठेवू नका, रडका आणि कोरडा वाटतो, थोडा चुंबक मिसळा. मला मिसळायचं नव्हतं. चार वर्षं मिसळून झालं होतं.

पडदे मी गॅलरीत बसून पक्कडनं उपटले, एकवीसच्या एकवीस, प्रत्येकाला एकेका कार्यक्रमाचं नाव देऊन. सातव्याला लाकडाचा ढलपा निघाला. खाचा लाकडाच्या पट्ट्यांनी आणि एम-सीलनी बुजवल्या. चुंबकाचे पिकअप काढले, तिथं अंगात दोन चौकोनी भोकं राहिली, डोळे काढल्यासारखी, त्यांच्यावर सनमायका मारला, कपाटाच्या दाराचा उरलेला, सागवानी डिझाइनचा. ब्रिजमधी प्रत्येक तारेखाली पायझोची चकती बसवली. विशाखा एका दवाखान्यात ईसीजी काढते, तिला तारा आणि चकत्यांचं नवल नाय. ती भाकरी थापता थापता बघत होती. मी म्हणालो, आता सगळं ऐकू येणार. ती म्हणाली, सगळं ऐकू आलेलं कुणाला पायजे असतं, पेशंट नुसता बोलला तरी माझा ग्राफ बिघडतो. पहिल्यांदा अँप लावला तेव्हा तिचं खरं ठरलं. तारेला हात लावायच्या आधीच माझ्या शर्टच्या बटणाची खरखर आली, मग ओट्यावरच्या भाकरीची थापथाप आली, कारण गिटार ओट्याला टेकवली होती. वरच्या मजल्यावरच्या गीताबाई खाली आल्या आणि भिंत कशाला फोडताय म्हणून विचारून गेल्या. मी घरात उघड्या अंगानं सराव करायला लागलो. पडदे नसल्यावर सूर डोळ्यानं सापडत नाय, म्हणून गिटारच्या वरच्या शिंगावर, म्हणजे अंगाच्या पुढं आलेल्या टोकावर, हनुवटी टेकवायची, जबड्याच्या हाडातून सूर कवटीत येतो, तसा तो धरायचा. ही सवय लागली. डोळे मिटून, हनुवटी लाकडावर ठेवून मी सहा आठवडे एकाच माणसाचा विचार करत होतो, आणि मला आठवत नाय की माझ्या सुरांची एवढी प्रगती आधी कधी झाली होती.

डाव साधा होता. करुणाताई, आमची गायिका, स्टेजवर माझ्या शेजारीच उभी राहते, तिच्याही पायाशी माझाच अँप असतो, ती सूर माझ्याकडून घेते, तिला माहीत नसलं तरी. मी प्रत्येक कडव्याला बोटाच्या रुंदीएवढा खाली सरकणार. ती माझ्यामागं खाली येणार. कीबोर्ड मशीन आहे, ते जागेवर राहणार. मग सहाशे माणसांना ऐकू येणार की पंचवीस वर्षं पार्टी चालवणारा माणूस स्वतःच्या सत्कारात बेसूर वाजतोय. हे मी वाळूजला बेअरिंग फिरवताना रोज ऐकत होतो. त्या महिन्यात माझ्या हातून तीन चांगली बेअरिंगं बाद झाली आणि एक बाद असलेलं पास झालं, ते कुठल्या ट्रकमधी फिरतंय देव जाणे.

राहिला मुंजाबा. त्याला फोडायला मी लई तयारी केली होती, चहा, नाश्ता, अन्याय या विषयावर दहा मिनिटं. तो नाश्ता खाऊन म्हणाला, "सर म्हणले म्हणून लावला व्हता. तुम्ही म्हणता तर काढतो."

"एवढंच?"

"चार वर्षांत तुम्ही कधी म्हणलेच नाय."

सत्काराच्या दिवशी सकाळी बुद्धवंदना झाली, भाषणं झाली. चार वक्त्यांनी राजेंद्र सर कसे सगळ्यांना सोबत घेऊन चालतात ते सांगितलं. सर पांढऱ्या सफारीत, मान खाली घालून, लाजल्यासारखं करत ऐकत होते. माय पहिल्या रांगेत, विशाखा तिच्या शेजारी. मी पहिला सूर मारला. तो आवाज माझ्या पायाशी आला नाय, पाठीमागून आला, दोन्ही बाजूंच्या अठरा इंची स्पीकरांतून, लाकडी, ओलसर, मोठ्या ढोलात बसून कुणीतरी हुंकार भरल्यासारखा. माय दचकली. तिनं स्पीकरकडं बघितलं, मग मागं वळून बघितलं, मग छताकडं. माझ्याकडं बघायचं तिला सुचलंच नाय. राजेंद्र सरांचा डावा हात एक क्षण हवेत थांबला. मी तो हात बघितला, आणि त्या एका क्षणासाठी सहा आठवड्यांचं जागरण वसूल झालं असं मला वाटलं. मी सनमायकावर बोट टेकवून दुसरा सूर मारला, मुद्दाम जोरात. जास्त. खांद्यावर हात ठेवायला या आता.

तिसऱ्या गाण्यापासून मी उतरायला लागलो. पहिल्या कडव्याला बोटभर, दुसऱ्याला अजून बोटभर. करुणाताई बरोबर माझ्या मागं आली, डोळे मिटून, विश्वासानं, आणि कीबोर्ड वरती एकटा राहिला, जिना काढून घेतलेल्या गच्चीवर अडकल्यासारखा. किती गोड वाईट वाजत होता तो. दुसऱ्या रांगेतल्या एका पाहुण्यानं तोंड वाकडं करून सरांकडं बघितलं. सरांचे कान लाल झाले. माझ्या आतमधी काहीतरी मोठं, गरम, पोळीवरच्या तुपासारखं पसरत होतं. मी हनुवटी लाकडावर दाबली आणि अजून खाली गेलो. तेवढ्यात सर कीबोर्डवर वाकले, डोळे बारीक करून कसलंसं बटण दाबलं, परत दाबलं, आणि त्यांचं मशीन सुद्धा खाली आलं. बरोबर आमच्या सुरावर. पंचवीस वर्षं उगाच काढली नव्हती त्या माणसानं. मी घसरलो, ते घसरले. मी परत घसरलो, ते परत. आम्ही दोघं दोन बाजूंनी धरून करुणाताईला जिना उतरवत होतो, आणि मग तो शेवटचा उंच सूर आला, जो तिला चार वर्षांत एकदाही नीट लागला नव्हता, दर वेळी तिथं तिचा आवाज फाटायचा. आज तो सूर इतका खाली आला होता की तिनं तो सहज उचलला, धरून ठेवला, वर खेळवला. लोक उभे राहिले. माझ्या माहितीत आमच्या पार्टीसाठी सहाशे माणसं पहिल्यांदाच उभी राहिली होती, आणि ती माझ्या सूडामुळं राहिली होती. मला रडू येत होतं ते कशाचं हे ठरवायला वेळ नव्हता.

राजेंद्र सरांनी माइक हातात घेतला. टाळ्या थांबेपर्यंत थांबले. मग म्हणाले की हा आमच्या पार्टीचा नवीन प्रयोग होता, विलायती वाद्यावर आपल्या मातीतल्या श्रुती, यावर मी गेली दोन वर्षं विचार करत होतो, आणि माझी कल्पना माझ्या या धाकट्या भावानं प्रामाणिकपणे उतरवली. धाकटा भाऊ म्हणजे मी. त्यांनी मला पुढं बोलावलं. कुणीतरी त्यांच्याच शालींमधली एक शाल आणून दिली. ती त्यांनी माझ्या खांद्यावर घातली, गळ्यातल्या गिटारसकट, मला थंडी वाजत असल्यासारखी. फोटोवाला म्हणाला, सर, जवळ या. सर जवळ आले. त्यांनी मला मिठी मारली, माइकचा हात लांब धरून, दुसरा हात माझ्या खांद्यावर, तोच, ओलसर. गिटार आमच्या मधी होती, आणि माझ्यापेक्षा वीतभर बुटके असल्यामुळं त्यांची हनुवटी बरोबर गिटारच्या वरच्या शिंगावर टेकली. फोटोवाल्याकडं बघून हसत, ओठ न हलवता, ते मला एकट्याला म्हणाले,

"उद्यापासून येऊ नको. चार वर्षं तुझा आवाज मी बंद ठेवला होता, या येड्यांना पत्ता नाय लागला. आज बी नसता लागला."

ते त्यांच्या जबड्यातून लाकडात गेलं, लाकडातून ब्रिजमधी, आणि पुढची सोय मुंजाबानं केलेली होती. अठरा इंची स्पीकरांतून राजेंद्र सरांचा आवाज आला, जाड, जवळचा, कुणाच्या कानात सांगितल्यासारखा, सहाशे जणांच्या कानात एकेक करून. येड्यांना हा शब्द जरा घुमला पण.

पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. सरांची मिठी ढिली झाली, पण हात खांद्यावरच राहिला, कुठं न्यावा हे त्याला कळत नव्हतं. चार वक्ते खाली बघायला लागले. करुणाताई तोंडावर हात ठेवून उभी होती. माय माझ्याकडं बघत होती, नीट, सरळ, आणि तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की मघाचा तो आवाज कुणाचा होता हे तिला आता उमगलंय. एका कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, बोल रे अभय. मग दुसरं कुणी म्हणालं, बोलू द्या त्याला. मला माइकची गरज नव्हती. सहा आठवडे चारशे बेअरिंगांवर घासून घासून मी वाक्यं तयार केली होती, पहिलं खांद्यावरच्या हाताबद्दल होतं, दुसरं बोटांबद्दल, शेवटच्यात शिवी होती पण ती मायीच्या समोर चालेल अशी. आता गाण्याची गरज नव्हती, सूर खाली न्यायची गरज नव्हती, फक्त हनुवटी टेकवून बोलायचं होतं. सहाशे माणसं माझ्यासाठी श्वास धरून बसली होती. इतकी शांतता माझ्या वाट्याला आयुष्यात आली नव्हती आणि मी तिची घाई करणार नव्हतो. मी शालीच्या आत गिटार पोटाशी घट्ट धरली, डोळे मिटले, हनुवटी लाकडावर टेकवली आणि दीर्घ श्वास घेतला.

सकाळपासून मी अर्धा कप चहावर होतो. पोट वाजलं. ते साधारण चार सेकंद वाजलं, आधी खाली गेलं, मग वळण घेऊन वर आलं, आणि दोन्ही स्पीकरांतून शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू गेलं. निवेदकानं घड्याळ बघितलं आणि जेवणाची व्यवस्था तळमजल्यावर केलेली आहे असं जाहीर केलं.